पुढे रस्ता बंद आहे

काकाडूला जायचं ठरलं की तिथे जाऊन आलेले लोक एकच सल्ला देतात : रस्त्यांचा अहवाल वाचत जा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, नॉर्दर्न टेरिटरीत, हे राष्ट्रीय उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरवर पसरलंय. त्यातली कुठली जागा सध्या उघडी आहे याची यादी उद्यानाचे लोक सतत ताजी करत असतात. एका बाजूला जागेचं नाव, समोर शेरा. उघडं. बंद. फक्त फोर व्हील ड्राइव्ह. पाणी उतरेपर्यंत बंद. मगरींची पाहणी बाकी, तोवर बंद. निघायच्या आधी काही आठवडे, झोपण्यापूर्वी ही यादी वाचायचा मला नादच लागला होता. वाचता वाचता वाटायला लागलं की ‘बंद’ ही तिथली मूळ स्थिती आहे आणि ‘उघडं’ ही सवलत. जाऊन आल्यावरही माझं मत तेच आहे. तिथे काय पाहिलं हे मी सांगेनच, पण काय पाहू दिलं गेलं नाही ते मला जास्त आठवतं.

बेत साधा होता. डार्विनहून निघायचं, लिचफील्ड, काकाडू आणि निटमिलुक ही उद्यानं करत गोल फिरून डार्विनला परत यायचं, रात्री उघड्यावर झोपायचं, आणि सगळा प्रवास एका गाइडच्या भरवशावर. स्वतः गाडी भाड्याने घेऊन का नाही गेलात, असं बरेच जण विचारतात. एक कारण रुक्ष आहे. भाड्याच्या गाडीच्या करारात बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की कच्च्या वाटेवर किंवा ओढा ओलांडताना काही झालं तर विमा लागू नाही. आणि पाहायचं ते नेमकं त्याच वाटांच्या टोकाला. दुसरं कारण म्हणजे अशा मुलखात आपलं आपण शहाण्यासारखं हिंडू, असा भरवसा मला नव्हता. फोनला रेंज नाही, पाण्यात मगर आहे, आणि समोर दिसणारा प्रत्येक कडा कुणाच्या तरी पूर्वजांचा आहे.

आमची गाडी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली बस. इंजिनाला हवा पुरवणारी नळी पार छपरापर्यंत नेलेली, म्हणजे ओढ्यात उतरलं तरी इंजिनात पाणी शिरत नाही. डांबरी रस्ता संपला की गाइड खाली उतरून चाकांतली हवा कमी करायची. टायर जरा पसरला की वाळूत पकड वाढते आणि टोकदार दगडाने फाटायची भीती कमी होते. तरीही पुढचा तास दाढा खिळखिळ्या करणारा. सुट्या मातीच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात. त्या कुणा एका अवजड गाडीने केलेल्या नसतात. ठरावीक वेगाच्या वर धावणारं कुठलंही चाक त्या उठवतं आणि मागून येणारं प्रत्येक चाक त्यात भर घालतं. हळू गेलं तर एकेक लाट अंगावर घ्यावी लागते. जोरात गेलं तर चाकं लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जातात, पण मग वळणावर गाडी हातात राहत नाही. या दोहोंमधला वेग आमच्या गाइडला अचूक ठाऊक होता. तो साधला की खिडक्यांचा खडखडाट एकदम थांबायचा आणि मागे आम्ही सगळे आपोआप बोलायला लागायचो.

ही गाइड पन्नाशीची, रापलेली, कामापुरतं बोलणारी. काकाडूत पैसे घेऊन लोकांना फिरवायचं असेल तर गाइडला डार्विनच्या विद्यापीठाचा, याच जागेविषयीचा, एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. काय सांगायचं ते त्यात शिकवतात. काय सांगायचं नाही ते त्याहून जास्त शिकवतात, असं ती म्हणाली. त्या वेळी मला हे वाक्य नुसतंच चटपटीत वाटलं होतं.

लिचफील्ड लहान उद्यान, डार्विनकरांचं सुट्टीच्या दिवशी डुंबायला जायचं ठिकाण. आम्ही पोचलो तेव्हा वांगी धबधब्याखालचा मोठा डोह बंद होता, पाणी अजून चढं होतं. आमच्यातले एक निवृत्त जर्मन गृहस्थ त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. नीट वाचली तर मजकूर बदलेल, अशी त्यांना आशा असावी. मग आम्हाला बुली रॉकहोलच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कुंडांत सोडण्यात आलं. तिथे गर्दी होती, पाणी छान होतं, याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

लिचफील्डमध्ये मला खरं थांबवलं ते वाळवीने. एका सपाट माळावर शेकडो वारुळं उभी होती, माणसाच्या उंचीची किंवा थोडी अधिक, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, आणि सगळ्यांच्या धारा उत्तर-दक्षिण. सकाळ-संध्याकाळचं ऊन त्यांच्या रुंद अंगावर पडतं, माध्यान्हीचं नुसत्या धारेवर. त्यामुळे पहाटेच्या गारव्यानंतर आत लवकर ऊब येते आणि दुपारी होरपळ होत नाही. इतर ठिकाणची वाळवी ऊन वाढलं की जमिनीत खोल उतरते. हा माळ पावसाळ्यात पाण्याखाली जातो, खाली उतरायची सोयच नाही, म्हणून जे काय साधायचं ते जमिनीच्या वर, भिंतीच्या आकारातून साधायचं. कामकरी वाळवी आंधळी असते. दिशेसाठी ती पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेते असं मानतात, म्हणून या वारुळांना नावही चुंबकी वारुळं असंच पडलंय. या माळावर पाय ठेवता येत नाही. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पाहायचं आणि पुढे निघायचं.

रात्री झोपायला स्वॅग. जाड कॅनव्हासची वळकटी, आत पातळशी गादी, बाजूला चेन. तंबू न ठोकता जमिनीवर उलगडायची आणि आत शिरायचं. जूनअखेर दिवसा तीस-बत्तीस अंश असले तरी पहाटे पारा पंधरा-सतराला येतो, आणि गरम प्रदेशात चाललोय म्हणून पातळ चादर घेऊन आलेल्यांची फजिती होते. मला झोप लागली नाही ती मात्र आकाशामुळे. वृश्चिक रास मी आजवर दक्षिणेकडे तिरपी मान करून पाहिलेली. इथे ती जवळजवळ डोक्यावर येते, नांगीसकट. ओळखीचं सगळं आपापल्या जागेवरून हललेलं. मध्यरात्री झाडीतून एक लांबलचक, चढत जाणारा रडका सूर आला आणि शेजारच्या स्वॅगमधली मुलगी ताडकन उठून बसली. करवानकाचा ऑस्ट्रेलियन भाऊबंद होता तो. आपला करवानकही रात्रीच ओरडतो, पण एवढा जीव काढत नाही.

काकाडूत शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत जळलेलं होतं आणि लांब एके ठिकाणी धूर दिसत होता. वणवा आहे का, असं कुणीतरी घाबरून विचारलं. आग मुद्दाम लावलेली होती. कोरडे महिने सुरू होताना, गवतात अजून थोडी ओल असताना, तुकड्यातुकड्याने जाळत जायचं. ही आग बुटकी असते, रात्रीच्या दवाने बऱ्याचदा आपोआप विझते, मोठ्या झाडांचे शेंडे वाचतात, आणि पुढे ऑक्टोबरात वीज पडून खरा वणवा पेटला तर त्याला धावायला सलग वाट मिळत नाही. इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं हेच करत आले. ते गावं सोडून गेले किंवा त्यांना जावं लागलं, तेव्हा हे जाळणं थांबलं आणि वणवे वाढले. आता उद्यानाचे कर्मचारी आणि जमिनीचे मूळ मालक मिळून ते पुन्हा करतात. धुराच्या कडेला घारी घिरट्या घालत होत्या, पळणारे टोळ आणि पाली टिपायला. आपल्याकडच्याच जातीची घार. या भागातल्या लोकांचं म्हणणं असं की ती पेटती काडी पायात उचलून पुढच्या गवतात टाकते, म्हणजे शिकार तिकडूनही बाहेर पडते. प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांच्या अशा साक्षी गोळा करून संशोधकांनी २०१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मी बराच वेळ काच खाली करून घारींच्या पायांकडे बघत बसले. पाय रिकामे होते.

उद्यानाच्या उत्तरेचे लोक स्वतःला बिनिंज म्हणतात, दक्षिणेचे मुंगुय. ते वर्षाचे सहा भाग करतात. सहा ऋतू म्हटल्यावर मराठी माणसाला हायसं वाटतं, पण हे सहा निराळे. गुड्जेउक म्हणजे धो धो पाऊस. मग बांगरेंग : दोन-दोन मीटर उंच वाढलेलं गवत आडवं करणारी वादळं. येगेमध्ये हवा थोडी निवते आणि जाळायला सुरुवात होते. वुर्गेंग थंडीचा, गुर्रुंग कोरड्या उन्हाचा, आणि गुनुमेलेंग पावसाआधीच्या घुसमटीचा. यातला एकही ठरल्या तारखेला बदलत नाही. वारा फिरला, अमुक झाड फुललं, तमुक पक्षी आला की बदलतो. आम्ही येगे आणि वुर्गेंगच्या सांध्यावर होतो. रस्त्याकडेला पान झडलेल्या काटक्यांवर पिवळी फुलं लागलेली, थेट आपल्या सोनसावरीसारखी, आणि ती आहेही तिच्याच कुळातली. ही फुलली की गोड्या पाण्यातल्या लहान मगरीचे अंडी घालायचे दिवस जवळ आले, असा तिथला हिशेब. कॅलेंडर भिंतीवर नसून झाडावर आहे म्हटल्यावर रस्ता कधी उघडणार याची तारीख आधी मिळत नाही, यात नवल नाही.

ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंग नावाचा एक फरशी पूल आहे. पलीकडे अर्नहेम लँड, आदिवासींच्या मालकीचा प्रचंड मुलूख. परवाना असल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. समुद्राची भरती नदीतून इथवर चढते. पाणी फरशीवरून वाहायला लागलं की त्याबरोबर बोय आणि बारामुंडी मासे वर येतात, आणि माशांसाठी मगरी. आम्ही उंचावरच्या कठड्यामागून पाहत होतो. एका नजरेत इतक्या मगरी मी कधी पाहिलेल्या नाहीत. प्रवाहाकडे तोंड करून, जबडा उघडा ठेवून स्वस्थ पडून राहायचं. मासा आपण होऊन येतो. या पुलावर माणसंही मेली आहेत. तरी आमच्यासमोर एक जण गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभा होता. गाइडने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला म्हणाली, “बघून ठेवा. पुढच्या वर्षी असेलच असं नाही.”

खाऱ्या पाण्यातल्या या मगरीची कातड्यासाठी इतकी शिकार झाली की १९७१ मध्ये टेरिटरीने बंदी घातली तेव्हा अंदाजे ३,००० उरल्या होत्या. आज त्या एक लाखाच्या आसपास आहेत. संवर्धनाचं एवढं ठळक यश क्वचित पाहायला मिळतं, पण त्या यशाला दात आहेत. पावसाळ्यात सगळा मुलूख एकच तळं होतो आणि मगर पुराबरोबर पार कड्यांच्या पायथ्यापर्यंत पोचते. पाणी ओसरलं की कुठल्या डोहात ती अडकून राहिली, हे वरून कळत नाही. मग कर्मचारी रात्री होडीतून जातात, दिव्याच्या झोतात तिचे डोळे चमकतात का पाहतात, सापळे लावतात, पाण्यात तरंगते गोळे सोडून ठेवतात आणि त्यांवर दातांचे व्रण उमटतात का ते तपासतात. बरेच दिवस काही सापडलं नाही, की मग त्या यादीतला शेरा बदलतो. मी झोपण्यापूर्वी वाचत होते त्या एकेका ‘बंद’च्या मागे कुणीतरी अंधारात पाण्यावर होतं.

उबिरला मात्र सगळं उघडं होतं. निदान तसं वाटलं. वालुकाश्माच्या मोठमोठ्या कपारी आणि त्यांच्या पोटात लाल, पिवळी, पांढरी चित्रं. मासे असे काढलेले की आतला कणा, आतडी, मांसाचे भाग दिसावेत. एका उंच जागी पट्टेरी पाठीचा एक प्राणी आहे, थायलसिन. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो सुमारे ३,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला, म्हणजे ज्याने हे काढलं त्याने तो जिवंत पाहिला असणार. आणि जवळच खिशात हात घालून उभा असलेला एक गोरा माणूस. एकाच भिंतीवर या दोघांना पाहताना मधल्या काळाचं काय करायचं ते कळत नाही. उद्यानाच्या वेढ्यातल्याच माजेदबेबे या कपारीत मिळालेल्या दगडी हत्यारांचं आणि रंगाच्या तुकड्यांचं वय २०१७ मध्ये ६५,००० वर्षं सांगण्यात आलं. तज्ज्ञांत त्यावर वाद आहे, पण वाद आहे तो ऑस्ट्रेलियातली सगळ्यात जुनी वस्ती किती जुनी, याचा.

एका चित्रापाशी गाइडने माबूयूची गोष्ट सांगितली. माबूयू मासे धरून दोरीला ओवून घरी निघाला होता, कुणीतरी दोरी कापून मासे पळवले. रात्री चोर मासे खाऊन गुहेत झोपले तेव्हा माबूयूने गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा सरकवली. सकाळी कुणी बाहेर आलं नाही. गोष्ट संपली. “मग?” आमच्यातल्या एकीने विचारलं. पुढे काय झालं, माबूयू कोण होता, शिळा कुठली? गाइड म्हणाली, “मला एवढीच सांगायची परवानगी आहे. मुलांना सांगतात ती गोष्ट मी तुम्हाला सांगितली. वाढत्या वयाबरोबर पुढची सांगतात, ती माझ्यासाठी नाही आणि तुमच्यासाठीही नाही.” तिच्या आवाजात दिलगिरी नव्हती. मला क्षणभर रागच आला. पैसे भरून, अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या माणसाला मुलांच्या इयत्तेत बसवलेलं आवडत नाही. मग वर नादाबच्या पूरमैदानाकडे तोंड करून बसले. क्षितिजापर्यंत सपाट हिरवं, मागे सूर्य. आजूबाजूला शंभर माणसं फोटो काढत होती आणि माझ्या डोक्यात ती शिळा घोळत होती. सगळं सांगितलं असतं तर मी ती त्याच संध्याकाळी विसरले असते, याची मला बरीच खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी बुरुंगकुयला, पूर्वी ज्याला नॉरलँजी म्हणत त्या खडकाला गेलो. तिथे भिंतीवर वीज पाडणाऱ्या नामारकॉनचं चित्र आहे, कोपरांना आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी बांधलेला. या खडकापासून फक्त तीनेक किलोमीटरवर कूंगारा नावाची जमीन आहे. बघायला विशेष काही नाही, झाडीच. १९७९ मध्ये उद्यानाची हद्द आखली तेव्हा हा सुमारे १२ चौरस किलोमीटरचा तुकडा मुद्दाम बाहेर ठेवला होता, कारण खाली युरेनियम होतं. एका फ्रेंच कंपनीला ते हवं होतं. जमीन ड्जोक कुळाची, आणि त्या कुळाचा शेवटचा ज्येष्ठ राखणदार म्हणून निर्णय एकाच माणसाच्या हाती आला : जेफ्री ली. त्याने हो म्हटलं असतं तर तो देशातल्या श्रीमंतांत गणला गेला असता. तो नाही म्हणाला, आणि वर्षानुवर्षं नाहीच म्हणत राहिला. मग स्वतः पॅरिसला जाऊन युनेस्कोच्या बैठकीत ही जमीन जागतिक वारशात घ्या म्हणून मागणी केली. २०११ मध्ये ती घेतली गेली, आणि २०१३ मध्ये कायदा होऊन कूंगारा उद्यानात सामील झालं.

आम्ही कठड्यापाशी उभं राहून त्या दिशेला पाहिलं. वाट अर्थातच नाही. पैशाला नाही म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, बहुतेकांचा नकार पहिल्या आकड्यापुरता असतो. आकडा वाढत जातोय आणि उत्तर बदलत नाही, असं वर्षानुवर्षं करायला काय लागत असेल? जवळच्या रेंजर या युरेनियमच्या खाणीच्या बाबतीत तसं झालं नाही. जमिनीचे मूळ मालक असलेल्या मिरार लोकांचा विरोध असताना ती झाली, १९८० पासून चालली, तिच्या कामगारांसाठी जबिरू हे आख्खं गाव वसवलं गेलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आता खड्डे बुजवून, झाडं लावून ती जमीन पुन्हा उद्यानात जोडण्यासारखी करायची आहे. त्यासाठी कायद्याने दिलेली २०२६ ची मुदत पुरणार नाही म्हणून २०२२ मध्ये कायदाच बदलावा लागला. काकाडूच्या पत्रकांतल्या फोटोंत ही खाण कधी दिसत नाही, ती पाहायला विमानातून खाली डोकवावं लागतं.

यलो वॉटरवर पहाटेची नौकाफेरी केली. कमळं, आपलीच गुलाबी कमळं, आणि त्यांच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणारे कमळपक्षी. सुंदर होतं. तिथे कुणीही जावं, त्याबद्दल कुणीही लिहावं.

जिम जिम धबधब्याची वाट आम्ही पोचायच्या आठवड्यातच उघडली होती. हमरस्त्यापासून ५० किलोमीटर कच्ची, आणि शेवटची १० फक्त फोर व्हील ड्राइव्हसाठी, वाळू आणि मुळांतून. तिथून पुढे किलोमीटरभर पायी, आधी झाडीतून आणि मग घरांएवढ्या शिळांवरून, हात टेकत, बसून घसरत. वाटेत ओढ्याच्या कडेला मगरीचा सापळा, आत आमिषाचा तुकडा लटकलेला. तो रिकामा पाहून धीर यावा की जावा हे ज्याचं त्याने ठरवायचं. शेवटचं वळण घेतलं आणि तिन्ही बाजूंनी उभा कडा समोर आला, सुमारे २०० मीटर, नारिंगी आणि काळा, आणि त्यावरून पडणारी पाण्याची एक बारीक धार. वाऱ्याने ती मधूनच बाजूला झुकायची, तळाला पोचेपर्यंत तिचं धुकं व्हायचं. एक तरुण म्हणाला, फोटोत तर मोठा होता.

फोटोतला धबधबा पावसाळ्यातला. तेव्हा कड्यावरून नदीच्या नदी कोसळत असते, आणि तेव्हाच ही वाट दोन-तीन पुरुष पाण्याखाली असते; पाहायचं तर विमानातून. पाणी उतरायला लागलं की धबधबा आटायला लागतो, आणि वाट सुकून, मगरी शोधून, रस्ता दुरुस्त होऊन फाटक उघडेपर्यंत बराचसा आटून गेलेला असतो. सप्टेंबरात येणाऱ्याला नुसता ओला कडा मिळतो. जिम जिमचा पूर्ण जोर पायी आलेल्या माणसासाठी नाहीच. आपल्याला दिसतं ते शिल्लक, आणि आमच्या वाट्याला त्यातही बऱ्यापैकी आलं. मी डोहात उतरले. कड्याच्या सावलीमुळे पाणी इतकं थंड होतं की श्वास अडकला. मधोमध गेल्यावर उताणी होऊन वर पाहिलं तर ती धार थेट माझ्या दिशेने येत असल्यासारखी दिसायची आणि पोचायची मात्र नाही. पाहणी झालेली आहे, गोळ्यांवर व्रण नाहीत, हे मी मनात दोनदा घोकलं. तरी पायाला एक पाण्याखालची फांदी लागली तेव्हा मी जे अंतर कापलं त्याची नोंद कुणी घेतली नाही, हे नशीब.

ट्विन फॉल्स तिथून जवळच, पण ओढ्याचं पाणी अजून गाडी बुडेल एवढं. बंद. जर्मन गृहस्थ आता दुःखी व्हायच्या पलीकडे गेले होते. सहलीच्या पत्रकात ट्विन फॉल्सचा फोटो पहिल्या पानावर आहे, आणि खाली बारीक अक्षरांत ‘परिस्थितीनुसार’, हे त्यांनी आम्हा प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पहिल्या पानावर तो फोटो टाकणाऱ्याला ही फाटकं कधी उघडतात हे माहीत असायला हवं.

दक्षिणेकडे जाताना गुनलोमचा फाटा लागला. कड्याच्या माथ्यावर काठोकाठ भरलेली कुंडं आणि खाली पसरलेलं रान, हा काकाडूचा एके काळचा सगळ्यात लाडका फोटो. २०१९ मध्ये तिथे पर्यटकांसाठी नवी पायवाट बांधताना ती जावोइन लोकांच्या एका पवित्र जागेच्या फार जवळून, आवश्यक प्रमाणपत्र न घेता काढली गेली. मूळ मालकांनी जागा बंद केली. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२४ मध्ये निकाल लागला की पवित्र स्थळांचं रक्षण करणारा टेरिटरीचा कायदा राष्ट्रीय उद्यानांच्या संचालकालाही लागू आहे. आम्ही गेलो तेव्हा फाट्यावर पाटी होती. “इथे काय आहे?” कुणीतरी विचारलं. गाइड म्हणाली, “पुरुषांची जागा. मला माहीत नाही, आणि मला माहीत असणं बरोबरही नाही.” गाडी तिने थांबवलीसुद्धा नाही.

निटमिलुकला घळींतून होडी फिरते. एकामागून एक तेरा घळी, मध्ये खडकांचे बांध. १९८९ मध्ये ही जमीन जावोइन लोकांना परत मिळाली, आता होड्याही त्यांच्याच कंपनीच्या. दोन घळी पाहिल्या, पुढे जायला वेळ नव्हता. मग स्टुअर्ट हायवेवरून उत्तरेला, पन्नास-पन्नास मीटर लांबीच्या मालट्रकांना वाट देत.

डार्विनला उतरताना गाइडने अभिप्रायाचे कागद वाटले. जर्मन गृहस्थांनी बॉनेटवर कागद ठेवून दोन्ही बाजू भरल्या. वांगी, ट्विन फॉल्स, गुनलोम, तिन्ही नावांखाली रेघा मारल्या आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्यांना विचारलं, पुन्हा येणार का. ते म्हणाले, येईन, पण ट्विन फॉल्स नक्की उघडा असेल तेव्हाच. मग जुलैच्या शेवटी या, ती म्हणाली, ऑगस्टमध्ये आलात तर अजून बरं. नक्की का? नक्की नाही, म्हणाली, आणि छपरावरचे स्वॅग खाली टाकायला चढली.